मागच्या सात दिवसांत निदान एक तास

विलास,

तुझ्या जलदानविधीला मी बोललो. तुझ्या धाकट्या भावाने, सचिनने, माइक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "साहेब, दादाला तुम्ही सगळ्यात जास्त ओळखायचे. दोन शब्द बोला." मी चांगला दहा मिनिटं बोललो. कामाला चोख, उन्हातान्हात घरोघर फिरणारा, कुणाला कधी उलटून न बोलणारा. राजेंद्र नगरच्या त्या छोट्या हॉलमध्ये लोक माना हलवत होते. तुझी लेक प्रज्ञा रडली. खाली आल्यावर महूहून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने माझा हात दोन्ही हातांत धरला. तुझ्या आजोबांच्या पलटणीतल्या कुणाचा तरी मुलगा असावा. म्हणाला, "ऐसा अफसर नसीबवालों को मिलता है."

मी बोललेला एकही शब्द खोटा नव्हता. तरी ते भाषण खोटं होतं. आपल्या धंद्यात हा फरक तुझ्याइतका कुणाला कळत नव्हता.

घरी आलो, कपडे न बदलता बसून राहिलो. बायको म्हणाली, छान बोललात, सगळे म्हणत होते. तेव्हा ठरवलं की जे माइकवर बोललो नाही ते लिहायचं. तुला वाचता येणार नाही हे माहीत आहे. तू वाचू शकत होतास तेव्हा मी लिहिलं नाही, हेही माहीत आहे.

अकरा वर्षं आपण एकाच कामात होतो. लोकांच्या घरी जायचं आणि विचारायचं: काय काम करता, किती तास करता, हातात किती येतं. रोजगाराचं आणि मजुरीचं सर्वेक्षण. शहराचं आणि राऊ-महूच्या पट्ट्याचं फिरतीचं काम आपल्या पलासियाच्या ऑफिसकडे होतं. मी पक्क्या नोकरीतला सुपरवायजर. तू कंत्राटी, दर वर्षी कागद नवा व्हायचा तेव्हा तुझी नोकरी नवी व्हायची. ऑफिसात तू मला साहेब म्हणायचास आणि जिना उतरलो की भिया. वयाने आपण जवळपास सारखेच. पण इतक्या वर्षांत तू मला कधी "तू" म्हणाला नाहीस आणि मी तुला कधी "तुम्ही" म्हणालो नाही. माझ्या घरी तू दोनदा आलास, दोन्ही वेळा फायली घेऊन. सह्या दारातच झाल्या. चहा विचारला होता का मी? विचारला असेन, असं मला आता वाटून घ्यायचंय.

राऊची ती दुपार मात्र मला स्वच्छ आठवते. मी तुझं काम तपासायला बरोबर आलो होतो. दारात एक बाई बसली होती. विचारलं तर म्हणाली, "मैं तो कुछ नहीं करती, घर पे ही रहती हूँ." दुसरा कुणी असता तर 'घरकाम' लिहून पुढच्या दाराला गेला असता. मी तर उठलोही होतो. तू खाली फरशीवर मांडी घातलीस आणि म्हणालास, "भाभी, कल सुबह उठीं आप, फिर क्या-क्या किया, जरा बताओ." चहा, डबे, मुलांची शाळा, भांडी. मग ती जराशी अडखळली आणि तिने पडद्याकडे पाहिलं. पडद्यामागे साड्यांचा गठ्ठा होता, फॉल लावायला आलेल्या.

"ये तो ऐसे ही है, टाइमपास."

"टाइमपास में कितनी हो जाती हैं?"

ती हसली आणि बोटांवर मोजू लागली. तू मधे बोलला नाहीस, घाई केली नाहीस. मोजता मोजता दिवसाचे आठ तास निघाले. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. "हाय राम, आठ?" म्हणाली, आणि सासूला हाक मारून तिलाही सांगितलं.

परतताना मी कुरकुरलो, "एका घराला सव्वा तास, विलास? असं कसं चालणार?"

"भिया, ती आठ तास राबते. आपण सव्वा तास तरी देऊ."

तुला आकड्यांचा राग होता असं आता कुणी म्हणालं तर मी त्याला अडवीन. आकड्यांची बाजू घेऊन भांडणारा तूच होतास. ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर कोचिंगची पोरं पेपर उघडून बसायची. बेरोजगारी घटली अशी बातमी आली की त्यांच्यातला एखादा म्हणायचाच, "सब फर्जी है भिया. एसी में बैठ के बनाते हैं." एकदा तू सरळ पाय पुढे केलास आणि बूट दाखवलास. टाच एका बाजूने पार झिजलेली. "ये एसी में घिसा है क्या?" पोरं हसली. मग तू त्यांना बसून समजावलंस की आठवड्यात एक तासभर काम केलेला माणूसही कामावर धरतात, जगभर तसंच धरतात, त्यात लबाडी नाही.

एकाने विचारलं, "मतलब मेरा भाई दिन में तीन घंटे डिलिव्हरी करता है, वो भी रोजगार में?"

"हाओ, रोजगार में. पण आम्ही तास पण विचारतो, कमाई पण विचारतो, और काम चाहिए क्या, ते पण विचारतो. सगळं लिहिलेलं असतं आत. तुम लोग हेडलाइन पढ़ के उठ जाते हो."

टपरीवरून उठताना तू मला म्हणालास, "आकडा खोटा नसतो भिया. अर्धवट विचारलेला असतो." मी हसलो होतो. पुढे प्रशिक्षणात नव्या मुलांना हे वाक्य मी सांगायचो. तुझं म्हणून सांगितलं नाही.

आता ती राऊच्या पलीकडची गल्ली. त्या खेपेला तुझ्या वाट्याला आलेल्या घरांपैकी चार घरांतले पुरुष एकाच पॅकिंगच्या कारखान्यातून एकदम घरी बसवलेले होते. आठवडाभर काम नाही, शोधतोय पण मिळत नाही, असं तू चौघांचं नोंदवलंस. त्याच गल्लीतल्या बायका मात्र तुझ्या फॉर्मात कामावर होत्या: पापड लाटणाऱ्या, फॉल लावणाऱ्या, शेवेची पाकिटं भरणाऱ्या. तुझ्या कामात नेहमी असंच व्हायचं. बायका इतरांच्या नोंदींपेक्षा जास्त कामावर दिसायच्या आणि पुरुष जास्त रिकामे. म्हणून माझ्या स्क्रीनवर तुझी गल्ली लाल रंगात उठून आली. नेहमीपेक्षा वेगळं काही आलं की ते लाल होतं, तपासा म्हणून. वरून फोन आला, "जरा देख लीजिए."

वरून एवढंच आलं. बदला, असं कुणीही म्हणालं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर मनातल्या मनात मी तो फोन कितीदा तरी लांबवला. त्यात न बोललेली वाक्यं घातली, धमकीसुद्धा घातली. खरं इतकंच की "बघून घ्या" याचा अर्थ उठून राऊला जाणं असा होता, आणि मे महिना होता, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पाठवायचं होतं. मी खुर्चीतून उठलो नाही. चारही घरांत कुणाचा ना कुणाचा छोटा धंदा होता. कुणाच्या आईचा भाजीचा ठेला, कुणाच्या भावाचं पंक्चरचं दुकान. घरच्या धंद्याला हात लावतच असतील की, असं मी स्वतःला सांगितलं आणि चौघांना 'घरच्या धंद्यात मदतनीस' करून टाकलं, दिवसाचे थोडे थोडे तास घालून. पाच मिनिटं लागली असतील. लाल रंग गेला.

तुला दुसऱ्याच दिवशी कळलं. जिन्यातच गाठलंस.

"साहेब, राऊची चार घरं तुम्ही बदललीत?"

"दुरुस्त केली. घरचा धंदा आहे, माणूस तिथे बसतोच. तू नीट विचारलं नसशील."

हे मी म्हणालो, आणि तुला म्हणालो.

तू एक पायरी खाली उभा होतास. आवाज चढवला नाहीस. "विचारलं होतं साहेब. चौघांना पण. त्यातला एक बोलला, माँ के ठेले पे बैठने में शरम आती है, लोग पूछते हैं कि फैक्टरी का क्या हुआ. तो घरातून बाहेरच पडत नाही." मग तू खिशातून गाडीची चावी काढलीस. "चला, आत्ता जाऊ. दोघं विचारू. मी चुकलो असेन तर तुमच्यासमोर खोडतो."

"वेळ नाही, विलास."

"एक घंटा, भिया."

ऑफिसच्या आत तू मला भिया म्हणालास ती एकच वेळ. मी वर निघून आलो. तू बराच वेळ खाली उभा होतास, तुझ्या हातातल्या चावीचा आवाज वरपर्यंत येत होता.

तो वाद तू पुन्हा काढला नाहीस. मला वाटलं मिटला. आपल्याकडे हजारो घरांची बेरीज होते. त्यात माझ्या चार घरांनी कुठल्याच आकड्याचं टोकसुद्धा हललं नसेल. हीच माझी सोय होती. पण त्या दिवसापासून मला तुझ्याकडे बघणं जड जाऊ लागलं. तू केबिनमध्ये आलास की मी फोन उचलायचो. तू नसलास की बरं वाटायचं. माणसाचं वाईट करायला त्याचा राग यावा लागतो, असं मला वाटत होतं. मला तुझा राग कधीच आला नाही.

मग कंत्राटं नवी करायची वेळ आली. प्रत्येकाबद्दल दोन-चार ओळी सुपरवायजरने लिहायच्या होत्या. तुझ्यापुढे मी एकच ओळ लिहिली: "कामाची गती अपेक्षेपेक्षा कमी." तीही खरीच होती. यादी आली तेव्हा तिच्यात तुझं नाव नव्हतं.

गाड्या लावतो तिथे तू थांबला होतास. हेल्मेट काखेत. "भिया, एक बात विचारू? तुमच्याकडून काही लिहून गेलं होतं का माझ्याबद्दल?"

"अरे नाही रे. वरूनच लिस्ट आली. मी तर बोललो त्यांच्याशी, ऐकतच नाहीत."

"तुम्ही बोललात ना? बस. बहुत है." तू माझा हात हातात घेऊन दाबलास. वर मलाच म्हणालास, "टेंशन नका घेऊ, होईल काहीतरी."

झालं नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला, ज्याला फक्त नीट प्रश्न विचारता येतात, कुणी कामावर घेतलं नाही. दुपारी सचिन जेवायला घरी जायचा तेव्हा तू त्याच्या झेरॉक्सच्या दुकानावर बसू लागलास. पलासियातलंच दुकान, ऑफिसपासून चालत पाच मिनिटं. सात महिने मी त्या रस्त्याने गेलो नाही. वळसा घालून जायचो. झेरॉक्स काढायला पार दुसऱ्या चौकात जायचो आणि तिथे रांगेत उभा राहायचो.

आणि मग सर्वेक्षणाच्या यादीत तू राहायचास ती गल्ली निघाली, आणि गल्लीतून निवडलेल्या घरांत तुझं घर. जी मुलगी तिकडे जाणार होती ती आजारी पडली. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. रविवारी सकाळी मीच आलो. दार तू उघडलंस. मला पाहिलंस, माझ्या हातातला टॅबलेट पाहिलास, आणि टाळी वाजवून ओरडलास, "अरे संगीता, बाहेर ये! सँपल में अपना घर निकला!" एखाद्या माणसाला सोडतीत स्कूटर लागावी तसा. खुर्ची पुसून दिलीस. स्वतः समोर ताठ बसलास, हात मांडीवर ठेवून. अकरा वर्षं ज्या बाजूला बसायचास तिच्या समोरच्या बाजूला.

आधी संगीतावहिनींची पाळी. त्या खासगी शाळेत शिकवतात. पगार विचारला तर त्यांनी कागदावरचा सांगितला. तू हळूच म्हणालास, "हातात राहतो तो सांग." त्या घाबरल्या. त्यांच्या शाळेत बँकेत जमा होणाऱ्या पगारातला मोठा भाग रोख परत द्यावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. "नाव बाहेर जात नाही," तू म्हणालास. "अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या बायकांना हेच सांगितलं. आता तुला सांगतो." वहिनींनी तुझ्याकडे पाहिलं, मग मला खरा आकडा सांगितला. निम्म्याहून कमी. मी तो तसाच लिहिला. त्या दिवशी मी बरोबर केलेली ती एकच गोष्ट, आणि तीही तुझ्या शब्दावर झाली. माझ्या शब्दावर त्यांनी सांगितला नसता.

मग तू.

"मागच्या सात दिवसांत तुम्ही कमाईसाठी किंवा घरच्या धंद्यात निदान एक तास काम केलंत का?" मी स्क्रीनवरचं वाचलं. तिथे 'तुम्ही' छापलंय म्हणून मी तुला 'तुम्ही' म्हणालो.

"सचिनच्या दुकानावर बसलो. दीड ते साडेतीन. रविवार सोडून सहा दिवस. चूल एकच आहे आमची, म्हणजे दुकान घरचंच. पैसे नाही घेत."

मी टॅबलेट खाली ठेवला. "थांब. बसतोस म्हणजे राखण करतोस. हे काम नाही. तू नाही म्हण, मी बेरोजगार लिहितो. काम शोधतोयस हे तर खरंच आहे."

"खोटं सांगू?"

"खोटं कसलं? तू बेकार आहेस हे सगळ्यांना माहीत आहे."

वहिनी पाणी घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. तुला ते लागलं. तुझ्या चेहऱ्यावर मी पाहिलं. पण तू मलाच सावरून घेतलंस. "भिया, एक तास झाला की काम. आपण किती लोकांना समजावलं हे. आता अपने घर के लिए नियम वेगळा? बारा तास होतात आठवड्याचे. लिहा मदतनीस." मग हसून म्हणालास, "फक्त खाली रिमार्क टाका. काम शोधतोय, सात महिने झाले, मिळत नाही. कोडमध्ये माणूस पूरा बसत नाही. रिमार्कमध्ये थोडा बसतो."

"टाकतो."

रिमार्क टाकला की वरून शंका येते, शंकेला उत्तर द्यावं लागतं, उत्तरात तुझं नाव आलं असतं आणि त्यामागून माझी ती ओळ. मी स्क्रीनवर बोट फिरवल्यासारखं केलं.

"टाकलं?"

"हो."

तू समाधानाने मागे टेकलास. वहिनींना म्हणालास, "आता पोहे आण. असं कधी होत नाही की सर्व्हेवाल्याला मी खाऊ घालतोय." मी खाल्ले. दोनदा घेतले.

तुला बेरोजगार लिहून मला सुटायचं होतं, विलास. तुझ्यावरचा उपकार नव्हता तो. राऊच्या चौघांना मी ज्या रकान्यात खोटेपणाने बसवलं होतं त्याच रकान्यात तू खरं बोलून जाऊन बसलास, आणि माझ्याकडून फक्त एक ओळ मागितलीस.

त्यानंतर तीन आठवड्यांनी दुपारी दुकानावरच तुझ्या छातीत दुखायला लागलं. समोरच्या औषधवाल्याने रिक्षात घालून नेलं, पण रस्त्यातच सगळं संपलं. त्या वेळी मी ऑफिसात डबा खात होतो, पाच मिनिटांच्या अंतरावर. रिक्षाचा, लोकांचा काही आवाज झाला असेल तर मी ऐकला नाही. सचिनचा फोन संध्याकाळी आला.

विधीनंतरच्या सोमवारी मी लेखी दिलं: राऊच्या चार घरांच्या नोंदी मी, स्वतःच्या मनाने, न जाता बदलल्या. आमच्या नव्या साहेबांनी दोनदा वाचलं. "ये तो कब का छप चुका है," म्हणाले. "आता कशाला?" कागद त्यांनी ठेवून घेतला आहे. काय होईल माहीत नाही. खाते-चौकशी होईल, किंवा काहीच होणार नाही, आणि मला यातल्या दुसऱ्याची जास्त भीती वाटते.

उरलेल्या गोष्टींसाठी जाण्याचं ठिकाण एकच होतं. काल दुपारी तुझ्या घरी गेलो. वहिनी नुकत्याच शाळेतून आल्या होत्या. त्यांनी चहा ठेवला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "ते तुमचं फार सांगायचे. म्हणायचे, सुधीर भियांनी आखिर तक कोशिश केली माझ्यासाठी."

मग मी सांगितलं. राऊ, ती ओळ, गाड्यांपाशी बोललेलं खोटं, न टाकलेला रिमार्क. सगळं, क्रमाने, जमिनीकडे बघून. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "नेमकी ओळ काय होती?"

"कामाची गती अपेक्षेपेक्षा कमी."

"हं," त्या म्हणाल्या. "भाजी आणायला गेले तरी दोन तास लावायचे." आणि त्यांचा चेहरा एकदम पिळवटला. पदर तोंडाला लावून त्या खाली बसल्या. चहा उतू जाऊन गॅस विझला, त्याचा वास आला, तेव्हा उठून बंद करून आल्या. उभ्या उभ्याच बोलल्या. "रोज एक अर्ज लिहायचे ते. शाळा, एनजीओ, कॉल सेंटरपर्यंत. ओळखीच्या माणसाचं नाव द्यायची जागा असते ना खाली, तिथे प्रत्येकात तुमचं नाव टाकायचे. कधी कुणाचा फोन आला होता तुम्हाला?"

"नाही आला."

"नाही," त्या म्हणाल्या. "कोणी केलाच नसेल." मग आतल्या खोलीकडे बघत आवाज खाली आणला. "प्रज्ञाला यातलं काही सांगू नका. पप्पांचा ऑफिसात एक तरी दोस्त होता, असं तिला वाटतं. उसके लिए रहने दो. तुम्हाला हलकं वाटायला पाहिजे म्हणून तिचं ते नका काढून घेऊ."

मी मान हलवली. क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत, चालते व्हा असंही नाही. मी जे टाकून यायला गेलो होतो ते घेऊनच उठलो.

दारापर्यंत आलो तेवढ्यात प्रज्ञा बाहेर आली. हातात छापील फॉर्म. कुठल्याशा बँकेत कंत्राटी जागा निघाली आहे म्हणाली. "काका, पप्पांच्या अर्जात बघून मी पण खाली तुमचंच नाव टाकलंय. चालेल ना?"

वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या.

"चालेल," मी म्हणालो. माझा नंबर तिने वाचून दाखवला, मी बरोबर आहे म्हणालो.

कालपासून फोन जवळ घेऊन बसलोय. कुणी तरी करावा. कुणी विचारलंच, ही मुलगी कोण, कशी आहे, तर या वेळी मी एका ओळीत उत्तर देणार नाही. तिच्याबद्दल मला फारसं काही माहीत नाही हे आज लक्षात आलं, म्हणून उद्या पुन्हा जाऊन तिला नीट विचारणार आहे: काय शिकलीस, काय आवडतं, सकाळपासून काय काय करतेस.

तुझी माफी मागायला मला तोंड नाही, विलास. म्हणून मागत नाही.